छापायची नाही अशी रेघ

आतल्या एखाद्या बिंदूवर टिचकी मार,
म्हणतो प्रोग्राम, बाकीचं मी बघतो.
आणि बघतोही.
आंधळा भिंतीवरून हात फिरवत जातो तसा
रेघ चाचपत, कोपरे घेत
निघाल्या जागी परत येतो
आणि गाठ आवळतो.
४१.६८ चौरस मीटर.
पुढचा.

पिको बेटावरचे हे द्राक्षांचे वाफे.
काळ्या लाव्ह्याचे दगड, चुना नाही, माती नाही,
दगडावर दगड नुसता तोललेला,
आणि आत पाचसहा वेली,
खाऱ्या वाऱ्यापासून अंग चोरून जमिनीला बिलगलेल्या.
ड्रोनने वरून फोटो घेतले,
मी भिंतीभिंतीवर रेघा ओढल्या.
आता संघाच्या अर्जाला हवं
प्रत्येक वाफ्याचं क्षेत्रफळ,
दोन दशांशांपर्यंत.

दुपारची फेरीबोट सुटेपर्यंत दोनशे बारा झाले.
दोनशे तेराव्यात टिचकी मारली तर
बंदिस्त क्षेत्र सापडलं नाही.
पुन्हा मारली.
नाही.

अशा वेळी चूक बहुधा माझीच असते.
दोन रेघा टेकल्यासारख्या दिसतात,
जवळ जावं, आणखी जवळ,
तर मधे केसाएवढी फट.
टोक ओढून टोकाला चिकटवलं की भागतं.
ही फट साठ सेंटिमीटरची होती.
फोटोत पाहिलं, तर तिथे दगडच नव्हते.

एर्मीनियू गुलार्तना फोन लावला.
भिंत पडली का हो?
पडली नाही, म्हणाले, ठेवलीय तशी.

पलीकडचे वाफे लाउरेन्यूचे.
त्याच्याशी एकोणीस वर्षं बोलणं नाही,
कुठल्याशा पंपावरून,
नेमकं काय ते आता त्यांनाही धड सांगता येईना.
पण वहिवाट ती वहिवाट.
वेचणीच्या दिवसांत टोपल्या तिथूनच जातात,
त्याच्या इकडून, माझ्या तिकडून,
तो बाजूला होतो, मी जातो,
तोंडातून शब्द नाही, पोरी.

मग जरा थांबून,
दगड लावू नकोस हं तिथे.
मी कुठले दगड लावणार, मी रेघ लावते.
तेच ते, म्हणाले, आणि फोन ठेवला.

प्रोग्रामला वहिवाट कळत नाही.
त्याला कळतं आत, नाही तर बाहेर.
फटीची सवलत वाढवून पाहिली,
साठ सेंटिमीटरपर्यंत सगळं माफ,
तर तो भलत्याच भिंतींच्या सोयरिकी जुळवू लागला.
सवलत परत शून्यावर आणली.
उघडं ठेवावं तर वाफा नाही,
वाफा नाही तर पैसे नाहीत,
आणि म्हातारा ऐंशीच्या पुढचा.
बंद करावं तर
उद्या कुणीतरी हा नकाशा हातात घेऊन
माळावर उभा राहील
आणि विचारील, इथली भिंत कुठे गेली?

कॉफी केली. प्यायची राहिली.

मग एक वेगळा थर उघडला.
तो पडद्यावर दिसतो, मोजणीत धरला जातो,
छापला जात नाही.
त्यावर फटीच्या या टोकापासून
त्या टोकापर्यंत
एक रेघ.

टिचकी.
हद्द धावली, फटीपाशी जराशी थबकली असं मला वाटलं
(ती थबकत नाही, तिला थबकणं माहीत नाही)
आणि मिटली.
५३.०४.

दोनशे चौदावा लाउरेन्यूचा.
त्यालाही तीच रेघ पुरली.

संध्याकाळी प्लॉटरमधून नकाशा उतरला,
शाई ओली, कागद ऊन ऊन.
भिंत, भिंत, भिंत,
मग थोडासा कोरा कागद,
मग पुन्हा भिंत.
वाश्को, परवाच लागलेला मुलगा,
नेमकं तिथेच बोट ठेवून म्हणाला,
इथे तुझी रेघ राहिली.

राहिली, म्हटलं.